शेवटच्या सोमवारचं रक्त

१

चंद्रभागाबाईची किडनी ठणठणीत हाय असं सांगणारा कागद घरात देवाच्या फोटोमागं खोचलेला होता, अन् चंद्रभागाबाई घरात नव्हती.

कागद आला भर उन्हाळ्यात. बाई गेली पेरण्यांच्या आत. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, दोन्ही किडन्या कधीच्याच बसल्यात, इतके दिवस काय झोपला होतात का? तेव्हा सगळ्यांनी वळून तिच्या पोरीकडं, दिपालीकडं बघितलं. कारण वाडीतली डॉक्टर तीच. म्हणजे झालेली नव्हती बरं का, एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षाला होती. पण पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटावरच्या त्या ऊसतोड्यांच्या वाडीत तेवढंसुद्धा लई होतं. रिपोर्टचा फोटो मोबाइलवर बघून तिनंच आईला सांगितलं होतं, "आये, सगळं नॉर्मल हाय गं. पायाची सूज उन्हानं असंल. पानी पी."

आई पाणी पीत राहिली अन् मेली.

आता ऐका. दसरा तोंडावर आलेला. बीडच्या अलीकडं हायवेवर जे मेडिकल कॉलेज हाय, तिथं बायोकेमिस्ट्रीत दर शनिवारी जर्नल क्लब चालायचा. म्हणजे काय, तर छापून आलेला एक संशोधनाचा पेपर घ्यायचा अन् सगळ्यांनी मिळून त्याची हाडं मोजायची. हे खूळ सायली मॅडमचं. तिथंच एमडी करत होत्या, नुकताच थिसिस झालेला. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. त्यांचं एक वाक्य बॅचला पाठ होतं: "गोष्ट नंतर वाचा, टेबल आधी. माणूस शब्दांत लपतो, आकड्यांत त्याला नीट लपता येत नाही."

त्या शनिवारी मात्र खुद्द विभागप्रमुख विजयसिंह सर आले. पांढराशुभ्र शर्ट, आवाज सभेतला. एक पेपर हवेत फडकवून म्हणाले, "हा आपल्याच डिपार्टमेंटचा! ऊसतोड महिलांची किडनी, हंगामाआधी आणि हंगामानंतर. निष्कर्ष काय? काहीही बिघाड नाही! दिपाली, तू त्यांच्यातलीच ना? पुढच्या शनिवारी तूच मांड."

सायली मॅडम पटकन म्हणाल्या, "सर, तिला दुसरा देऊ या का?"

"का?"

"तिची आई..." मॅडम थांबल्या. "तिला त्रास होईल."

दिपालीला भरून आलं. इतकी काळजी घरातल्यांनी पण केली नव्हती. ती म्हणाली, "न्हाई मॅडम, मी करते." तिच्या आईनं त्याच पेपरसाठी रक्त दिलेलं. निदान कळेल तरी, की चांगली किडनी दोन महिन्यांत मरते कशी. का आपल्यालाच वाचता आलं नाही?

हॉस्टेलवर येऊन तिनं गोष्ट बाजूला ठेवली अन् टेबल उघडलं. दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडले.

"आरोही," ती रूममेटला म्हणाली, "ह्या बायका त्या बायका न्हाईतच."

२

आरोही गेवराईची. घरी बागायत, बाप पुढारी, तोंड फाटकं पण मन साफ. ती मॅगी करत होती.

"आधी खा, हळद. मग बायका मोज."

हळद हे दिपालीचं हॉस्टेलमधलं नाव. उपाशी राहिली की तिच्या डोळ्यांना पिवळी झाक यायची. आजार नाही, जन्माचीच ठेवण. काहींच्या रक्तात बिलिरुबिन नावाचा पिवळा रंग जरा जास्त राहतो, उपवासात आणखी चढतो, पण त्याचं काही बिघडत नाही. प्रॅक्टिकलला सगळ्या पोरापोरींनी एकमेकांचं रक्त काढून तपासलं, थोडं वेगळं घेऊन त्यात बिलिरुबिन ओळखायचं रसायन घातलं, तेव्हा बाकीच्यांच्या नळ्या फिक्या गुलाबी अन् हिची पार जांभळी. तिचा निरंकार सोमवार होता ना त्या दिवशी! आई ऊसतोडीवरून सुखरूप येऊ दे म्हणून धरलेल्या सोमवारांतला शेवटचा.

"माझं तेवढं प्रॅक्टिकल बुडालं बघ," आरोही म्हणाली. "आजीला तुळजापूरहून आणताना रस्त्यात अडकले. नाहीतर तुझी जांभळी नळी मी पण बघितली असती."

"गप. हे बघ. दोनदा रक्त घेतलं. एकदा दसऱ्याला, बायका कारखान्यावर जायच्या आधी. एकदा गुढीपाडव्यानंतर, आल्यावर. दोन्ही वेळेला वाडीत. लाल टोपणाची साधी नळी, जीपमधून इथं आणायची. बराबर?"

"बराबर."

"पहिल्या वेळेला साखर सगळ्यांचीच कमी अन् पोटॅशियम सगळ्यांचंच जास्त."

"कावून?"

"रक्त नळीत पण जिवंत असतं येडे! पेशी बसल्या बसल्या साखर खातात. मग जीपचे हादरे बसले, तास गेले की पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं. म्हणजे बायकांना काही झालेलं न्हाई, रक्ताला प्रवास बाधला. पेपरात तसं लिहिलंय पण. आता दुसऱ्या वेळचं बघ."

आरोहीनं बघितलं. साखर झकास. पोटॅशियम झकास. एकूण एक बाईचं.

"मग? दुसऱ्यांदा लवकर आणलं असेल. हे काय, लिहिलंय ना, दोन तासांत."

"बरं. मग हे सांग. सीके. स्नायू झिजले की रक्तात उतरतं ते. सहा महिने वाकून ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवल्या, तर सीके वाढायला पाहिजे का कमी व्हायला?"

"वाढायला."

"निम्म्यावर आलंय."

मॅगी करपली. आरोहीनं गॅस बंद केला. "म्हणजे जिचं रक्त आहे, ती कोयता धरणारी नाहीच."

"बसून खाणारी हाय कुणीतरी," दिपाली म्हणाली. मग तिचं बोट टेबलाखालच्या एका ओळीवर गेलं अन् तिथंच राहिलं. एका सहभागी महिलेचं बिलिरुबिन दुसऱ्या वेळी वाढलेलं आढळलं, पहिल्या वेळी साधारण होतं, कारण समजलं नाही.

"ही माझी आई," ती हळूच म्हणाली. "रिपोर्टात तेवढ्या एका ओळीपुढं एच होता, म्हणजे जास्त. मला इतकं बरं वाटलं होतं गं. म्हणलं, ही हळद मला आईनंच दिली."

आरोहीनं करपलेलं भांडं बाजूला सारलं. नंतर म्हणाली, "बजरंगला धरू. रक्त त्यानं आणलंय."

३

बजरंग म्हणजे लॅबचा टेक्निशियन. कंत्राटी, मिशाळ, बोलायला गोड. नळ्या धूत होता.

"बजरंगभाऊ, पाडव्यानंतर वाडीतून रक्त तुमीच आणलं ना?"

"मीच की. सकाळी गेलतो, बायकांनी लई गोंधळ घातला. एक म्हनती आमच्या रक्ताची दारू करता का, एक म्हनती आधी च्या पाज. तुजी आई मदी पडली म्हून बसल्या सगळ्या. म्हनली, माजी पोरगी हाय तितं, द्या गं रक्त."

दिपालीनं वही उघडली.

"अन् आणलं किती वेळात?"

नळी त्याच्या हातात फिरायची थांबली. "दोन तासांत."

"रस्ता?"

"मोकळा. मांजरसुंब्याला च्या पन न्हाई घेतला."

"डब्यात बर्फ?"

"कावून इचारतीस गं एवढं?" त्याचा आवाज चढला. "परीक्षेला हाय का मी? पेपर सरांचा, थिसिस मॅडमचा, मी नुसता हमाल! माज्या पोटावर नको येऊस बाई."

बाहेर आल्यावर आरोही म्हणाली, "हाच. नळ्या फुटल्या असतील, अन् यानं घरातल्या, शेजारच्या कुणाचं तरी रक्त भरलं."

"पन्नासेक बायकांचं? एका दिवसात?"

"मग विजयसिंह सर. प्रमोशनला पेपर लागतात. यांनी आकडेच घरी बसून लिहिले."

हे पटण्यासारखं होतं. दोघी सरांच्या केबिनला गेल्या. सरांनी पेढे पुढं केले.

"सर, दुसऱ्या नमुन्याचे आकडे फार स्वच्छ आहेत," दिपाली जपून म्हणाली.

"आहेतच! मी दिल्लीला होतो कॉन्फरन्सला, तिथं फोनवर सायलीला सांगितलं, मला स्वच्छ डेटा पाहिजे."

"मूळ आकडे बघायला मिळतील, सर? मशीनमधले?"

"बघ की. लपवायचंय काय त्यात?" अन् खरंच त्यांनी कॉम्प्युटर उघडून दिला. हसत. मशीननं काढलेलं एकेक रक्त, एकेक आलेख. घरी बसून लिहिलेलं एक अक्षर पण नव्हतं.

म्हणजे आकडे खरे होते. रक्त खरं होतं. कुणाच्या तरी अंगातून, ताजं ताजं निघालेलं.

"कुणाच्या?" आरोही जिन्यातच बसली. "पन्नास बायका एका दिवसात, लॅबच्या इतक्या जवळ. अन् तो दिवस तरी नेमका कुठला?"

"शेवटचा सोमवार," दिपाली म्हणाली. "आईचा फोन आला होता, कॉलेजची गाडी येऊन रक्त घेऊन गेली म्हणून. माझ्या तोंडात पाणी पण नव्हतं त्या दिवशी."

आरोहीनं तिच्याकडं असं बघितलं, की दिपाली दचकली.

"हळद, त्या सोमवारी मांजरसुंब्याच्या चौकात रास्ता रोको होता. मी अन् आजी तिथंच तर अडकलो होतो! दिवस मावळेपर्यंत एक चाक हललं नाही."

४

दुसऱ्या दिवशी बजरंगला त्यांनी कँटीनमागं गाठलं. आरोही सरळ म्हणाली, "भाऊ, त्या चौकात आमची गाडी पण होती."

बजरंग कट्ट्यावर बसला. 

"डब्यातला बर्फ तासाभरात पानी झाला," तो म्हणाला. "ऊन कसलं, निसता इस्तू. टायरं जळत हुती रस्त्यावर. मी हात जोडले, म्हनलं रक्त हाय, जाऊ द्या. म्हनले पेशंट हाय का? म्हनलं न्हाई, निसतंच रक्त हाय. हासले मला. हितं आलो तवर नळ्या बीटाच्या पान्यावानी लाल. सगळ्या पेशी फुटल्या. डबा तसाच मॅडमच्या हातात दिला. रडल्या त्या."

"अन् मग?"

"म्हनल्या, तू जा घरी, कुनाला बोलू नको, मी बघते. सकाळी आलो तर रिपोर्ट छापून तयार. वाटून आलो मी वाडीत. मला वाटलं, मॅडमनं काय औषिध घालून रक्त नीट केलं असंल. मला काय कळतंय त्यातलं?" त्यानं नाक पुसलं. "एक मातर कळालं नव्हतं. तुमच्या प्रॅक्टिकलच्या नळ्या फेकायला गेलो सकाळी. पोरांच्या सगळ्या हुत्या. पोरींची एक पन न्हाई."

कँटीनमधे कुणीतरी गाणं लावलं होतं. दिपालीला ते लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू यायला लागलं.

तिनं मोबाइल काढला. आईच्या रिपोर्टचा फोटो अजून होता. तेव्हा तिनं नुसता एच बघितला होता, आकडा नाही. आता मोठा करून बघितला.

दोन पॉइंट नऊ.

प्रॅक्टिकलला जांभळी नळी बघून मॅडम केवढ्या खूश झाल्या होत्या. खात्रीसाठी मशीनवर लावून आकडा फळ्यावर लिहिला होता, मोठ्या अक्षरात, सगळ्या बॅचनं टाळ्या वाजवल्या होत्या. दोन पॉइंट नऊ.

"आरोही," ती म्हणाली, अन् मोबाइल तिच्यापुढं धरला. "आरोही, आईला हळद नव्हतीच गं. ते माझंच रक्त हाय."

५

सायली मॅडम लॅबमधे एकट्याच होत्या. दिपालीनं पेपर टेबलावर ठेवला. मॅडमनी तो उलगडला पण नाही.

"पोटॅशियमवरून?" त्यांनी विचारलं.

"हो. मग सीके."

"अगदी बरोबर." शिकवताना म्हणायच्या तसंच म्हणाल्या, अन् मग तोंडावर हात घेतला.

दिपाली उभीच होती. तिला वाटलं होतं आपण ओरडू. 

"सरांना फोन केला होता मी," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, नमुने खराब झाले, परत गाडी द्या. ते म्हणाले, मला अडचणी सांगू नकोस, स्वच्छ डेटा पाठव. थिसिस द्यायची तारीख डोक्यावर. समोर रॅकमध्ये तुमच्या प्रॅक्टिकलच्या नळ्या, ताज्या, मशीनमधे फिरवून ठेवलेल्या. मी वरून खाली लेबलं लावत गेले. नावं वाचलीसुद्धा नाहीत. मला वाटलं, सरासरीच तर आहे. कुणाचं काय बिघडणार आहे सरासरीनं?"

"रिपोर्ट वाटले तुमी."

"ते आपोआप छापले गेले. मी थांबवणार होते. बजरंग सकाळीच घेऊन गेला."

"ते परत आणायला माणूस पाठवता आला असता."

"हो."

"एक फोन करता आला असता मला."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुझी आई गेली तेव्हा मी हॉस्टेलवर आले होते. तुझ्या दारापर्यंत. परत गेले."

दिपालीच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. तिला वाटत होतं, आपल्याला रिपोर्ट वाचता आला नाही. पण तिनं तो अगदी बरोबर वाचला होता. तिचं स्वतःचं रक्त तिनं बरोबर वाचलं, नॉर्मल सांगितलं, अन् आईनं त्यावर भरवसा ठेवला.

"पेपर वाचायला तुमीच शिकवलं ना मॅडम," ती शेवटी म्हणाली. "मग ज्यात तुमीच सापडाल ते कावून शिकवलं?"

मॅडमनी टेबलावरचा पेपर तिच्याकडं सरकवला. "दुसरं काही येतच नाही मला," एवढंच म्हणाल्या.

६

शनिवारी हॉल गच्च भरला. दिपालीनं टेबल पडद्यावर लावलं. साखर. पोटॅशियम. सीके. मग ती एक ओळ, बिलिरुबिनची. मग आईचा रिपोर्ट, शेजारी त्या दिवसाचा फळ्याचा फोटो, कुणीतरी मोबाइलवर काढलेला. ती रडली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "ह्या पेपरातल्या बायकांची किडनी चांगली हाय, कारण ह्या बायका आपण आहोत. ह्या हॉलमधल्या."

 पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रत्येकीचं रक्त कुठल्या ना कुठल्या वाडीतल्या बाईच्या नावावर होतं.

सायली मॅडम उभ्या राहिल्या. "ती बरोबर बोलते आहे," त्या म्हणाल्या. "मी केलं हे."

विजयसिंह सर हळूहळू उठले. त्यांचा आवाज इतका मऊ कधी कुणी ऐकला नव्हता. "मॅडमची तब्येत बरी नाही बरेच दिवस. आणि दिपालीचं दुःख आपण सगळे समजू शकतो. तिनं चांगला प्रयत्न केला. त्रुटी असतील तर आपण मर्यादा म्हणून कळवू जर्नलला. चला, चहा सांगितलाय."

अन् चहा आला! बिस्किटं पण आली. अर्धा हॉल चहाला गेला. मॅडम तिथंच उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही, अन् त्यांना कुणी काही विचारलं पण नाही.

दिपाली बाहेर धावली. आई गेली ती गेली, पण वाडीत अजून पन्नासेक घरांत देवाच्या फोटोमागं तसलाच कागद होता. सगळ्यांचं रक्त परत घ्यायला पाहिजे होतं, अन् हंगाम सुरू व्हायच्या आत. तिनं बापाला, आसारामला फोन लावला. उचलला संगीता काकूनं. फोनमधे वारं भणभणत होतं, लेकरं कालवा करत होती, कुठंतरी एक कोंबडं ओरडत होतं.

"काकू, कुटं हायस?"

"गाडीत! आवंदा मुकादमानं लवकर भरली गाडी. सोलापूर गेलं मागं, कर्नाटकात चाललोय. तुजी आई न्हाई म्हून जोडी मोडली, तुज्या बापाचा अर्धाच कोयता राहिला बग. तुजा काका जाऊन तीन वर्सं झाली, माजाबी अर्धाच. मंग दोगांचा मिळून एक केला."

"काकू, खाली उतरा सगळ्या. पाया पडते तुज्या. रक्त परत तपासायचंय."

"आता गं? अन् कावून?"

"तुजे पाय सुजतेत का?"

"सुजतेत की जरा. उन्हानं गं. पानी पिते मी, तूच सांगितलंतंस ना आईला तुज्या."

दिपाली कॉलेजच्या गेटजवळ खाली बसली. हायवेवरून ऊसतोड्यांनी भरलेला आणखी एक ट्रक गेला, वर भांडी, बाजा, बायका. कुणीतरी तिला हात केला.

"काकू, ऐक. ते रिपोर्ट खोटे हायत. सगळ्यांचे. ते रक्त तुमचं नव्हतंच."

 पलीकडं संगीता काकू खळखळून हसली, अन् शेजारच्या बायकांना मोठ्यानं सांगायला लागली, "ऐकलं का गं, पोरगी काय म्हनती!" अन् मग फोनमधे, मायेनं, समजूत काढल्यासारखं बोलली:

"येडी का खुळी तू? माजा रिपोर्ट तर तूच वाचून दावलास. तुजी आई गेली म्हून तुजं मन थाऱ्यावर न्हाई बाय. झोप जरा. जेवलीस का न्हाई? तू सांगितलेलं कसं खोटं असंल? आमची वाडीतली डाक्टर तू."